बटू दीर्घिकांचे कुलवृत्त

उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली बुऱ्हाणपूर पेशव्यांकडे आले. देशावरून तापीकाठी येऊन स्थिरावलेल्या एखाद्या घराण्याला मूळ गाव आठवत नसले, तर आपण कुलदैवत विचारतो; त्यावरून मुळाचा माग लागतो. बटू दीर्घिकांचे मूळ शोधताना खगोलशास्त्रज्ञांनी असाच एक टिकाऊ वारसा हाती धरला : त्यांचे स्वतःभोवती फिरणे.

चित्रा नक्षत्राच्या उत्तरेस, कन्या राशीत, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा मोठा समूह आहे. बिंगेली, सँडेज आणि टॅमन यांनी १९८५ साली त्या भागातील २,०९६ दीर्घिकांची यादी प्रसिद्ध केली. समूहात बहुसंख्य आहेत त्या बटू, लंबगोल आणि वायू सरलेल्या. त्या जन्मतःच अशा, की बाहेरून येऊन अशा झाल्या?

बाहेरून आल्या म्हणावे, तर दोन वाटा दिसतात. समूहातील तप्त वायूतून जाताना दीर्घिकेचा थंड वायू ओरबाडला जातो. ताऱ्यांना मात्र धक्का लागत नाही, म्हणून फिरणे शिल्लक राहते. दुसरी वाट मूर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली संगणकावर दाखवली : इतर दीर्घिकांजवळून पुनःपुन्हा वेगाने जाताना ताऱ्यांची चकतीच विस्कटते आणि फिरणे बरेचसे हरपते.

सुरुवातीच्या मोजमापांत फिरणे फारसे सापडले नव्हते. २००२-०३ मध्ये मार्ला गेहा, पुराग्र गुहाठाकुरता आणि व्हॅन डर मारेल यांनी हवाईतील केक दुर्बिणीने पाहिले, तेव्हा दिसायला सारख्याच दीर्घिकांपैकी काही फिरत होत्या, काही नव्हत्या. पुढे एलिसा तोलोबा आणि सहकाऱ्यांना आढळले, की फिरणाऱ्या मुख्यतः समूहाच्या कडेला असतात, न फिरणाऱ्या दाटीत.

मग लहानपणामुळेच काहींना फिरणे नाही, असे म्हणावे का? याचे उत्तर समूहाबाहेरच्या दीर्घिकांत शोधावे लागते, आणि ते काम नारायणगावजवळच्या खोडद येथे झाले. तेथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्यांनी आयेशा बेगम आणि जयराम चेंगलूर यांनी ‘कॅमेलोपार्डलिस बी’ या अतिशय फिक्या दीर्घिकेतील हायड्रोजन मोजला. इतक्या फिक्या दीर्घिका नीट फिरत नाहीत, असा तोवर समज होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात तिचे सुसंगत फिरणे स्पष्ट दिसले.

म्हणजे लहान असणे एवढेच फिरणे नसण्याचे कारण ठरत नाही. जिथे ते हरवले आहे, तिथे त्या दीर्घिकेचा समूहातला प्रवास तपासावा लागतो. रूप सारखे दिसले, म्हणून कूळ एकच असते असे नाही.