चहाविधीचे परदेशी विद्यार्थी

जपानचा चहाविधी, म्हणजे चानोयु, शिकणारे पहिले परदेशी लोक होते सोळाव्या शतकातले जेझुइट धर्मप्रसारक. गोव्याहून निघालेला फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला. त्यानंतर सोळा वर्षांनी, १५६५ मध्ये, लुईस द आल्मेइदा हा पोर्तुगीज जेझुइट साकाई बंदरातल्या हिबिया या व्यापाऱ्याच्या घरी आजारी पडून होता. तो बरा होऊन निघाला, तेव्हा निरोपादाखल यजमानाने त्याला चहाला बोलावले. छोट्या दारातून वाकून आत जाणे, झळझळीत स्वच्छता, साधे पण नेटके जेवण, मग हिरव्या चूर्णाचा चहा आणि शेवटी जपून ठेवलेली भांडी पाहणे, हे सगळे आल्मेइदाने पत्रात बारकाईने लिहून ठेवले. चहाविधीला त्याचे अंतिम रूप देणारा सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच शहरातला.

पाहुणा म्हणून चहा पिणे वेगळे आणि तो करणाऱ्याच्या जागी बसणे वेगळे. हा फरक आलेस्सांद्रो वालिन्यानो या इटालियन जेझुइटाने ओळखला. पूर्वेकडच्या मिशनांचा पाहणी अधिकारी म्हणून तो १५७४ मध्ये गोव्यात आला आणि १५७९ मध्ये जपानला पोहोचला. बुंगो प्रांताचा सरदार ओतोमो सोरिन याने मोठी रक्कम मोजून घेतलेली चहाची लहानशी बरणी त्याला अभिमानाने दाखवली. पिंजऱ्यातल्या पाखरासाठी पाणी भरून ठेवण्यापलीकडे तिचा काही उपयोग वालिन्यानोला दिसला नाही, आणि तसे त्याने नोंदवलेही. तरीही जपानी समाजात वावरायचे तर हे शिकलेच पाहिजे, असे त्याने ठरवले. प्रत्येक जेझुइट घरात चहाची स्वच्छ, नीट मांडलेली जागा हवी आणि चहाविधी येणारा माणूस तिथे कायम हवा, असा नियम त्याने घालून दिला. रिक्यूच्या निकटच्या शिष्यांपैकी ताकायामा उकोन हा सरदार स्वतः ख्रिस्ती होता, त्यामुळे या शिक्षणाला घरचा आधारही होता.

खऱ्या अर्थाने हा विधी समजला तो जोआंव रॉद्रिगेस या पोर्तुगीजाला. तो १५७७ मध्ये पोरवयात जपानला आला, तिथेच वाढला, हिदेयोशी आणि इएयासु या दोन्ही सत्ताधीशांचा दुभाषा झाला. १६१० मध्ये हकालपट्टी झाल्यावर मकावमध्ये त्याने जपानमधील ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहायला घेतला, आणि त्यात चहाला अनेक पाने दिली. भांड्याची किंमत त्याच्या झळाळीवर नसते, खोलीचा साधेपणा गरिबीतून आलेला नसतो, हे त्याने युरोपीय वाचकाला जितक्या समजुतीने सांगितले, तितके पुढच्या अडीचशे वर्षांत कुणी सांगितले नाही. अर्थात सांगायला तिथे फारसे कुणी उरलेही नव्हते. १६१४ मध्ये धर्मप्रसारकांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला आणि पुढे देशाची दारे जवळपास बंद झाली.

ती उघडली तेव्हा चहाविधीच अडचणीत होता. मेइजी राजवटीत सरदारांचा आश्रय संपला, राजधानी तोक्योला गेल्याने क्योतोची रया गेली. शहराला पुन्हा उभारी यावी म्हणून १८७२ मध्ये तिथे प्रदर्शन भरले आणि परदेशी पाहुणे येणार हे दिसू लागले. उरासेन्के या चहाविधीच्या घराण्याचे अकरावे प्रमुख गेनगेनसाई यांनी त्यांच्यासाठी टेबल आणि बैठका वापरून चहा करण्याची र्युरेई ही नवी पद्धत बसवली. परक्यांच्या गुडघ्यांचा विचार करून प्राचीन विधीत केलेला हा बदल धाडसी होता, आणि तो टिकला. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी याच कालखंडात चहाविधीचे धडे घेतले. जपानी मातीची भांडी जमवताना ती हाताळली कशी जातात, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ओकाकुरा काकुझो यांचे 'द बुक ऑफ टी' १९०६ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत प्रसिद्ध झाले. त्याने पाश्चात्त्य वाचकाला विचार दिला, पण हात कसा चालवावा हे त्यात नाही.

ते शिकण्याची सोय दुसऱ्या महायुद्धानंतर झाली. सेन गेनशित्सु (१९२३–२०२५) हे नौदलाच्या आत्मघाती पथकातून वाचलेले तरुण १९५१ मध्ये अमेरिकेला गेले. त्याच वर्षी हवाईमध्ये उरासेन्केची शाखा निघाली. १९६४ मध्ये ते घराण्याचे प्रमुख झाले आणि १९७० मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी क्योतोत मिदोरिकाई हा अभ्यासक्रम सुरू झाला.

नवख्याला आधी चहा करू देत नाहीत. तातामी चटईच्या काठावर पाय न देता चालणे, टाचांवर बसणे, नमस्कार, फुकुसा या रेशमी रुमालाची घडी, डबी आणि बांबूची पळी पुसणे, बांबूच्या रवीने घुसळणे, असे एकेक तुकडे सुटे घोटून घेतले जातात. मग ते जोडून तबकावरचा छोटा विधी, पुढे पातळ चहा, त्यानंतर दाट चहा. घराण्याप्रमाणे रीतही बदलते. उरासेन्केत खोलीत उजवा पाय आधी पडतो, ओमोतेसेन्केत डावा. पहिल्यात पातळ चहावर भरपूर फेस आणतात, दुसऱ्यात थोडी जागा मोकळी ठेवतात. प्रत्येक टप्प्यावर घराण्याची परवानगी घ्यावी लागते. वरच्या पायऱ्यांचे विधी छापील पुस्तकात मिळत नाहीत. ते गुरूच्या तोंडूनच शिकायचे असतात. तिथवर पोहोचलेल्या विद्यार्थ्याला उरासेन्केत 'सो'पासून सुरू होणारे चहानाम मिळते, आणि अशी नावे धारण करणारे परदेशी शिक्षक आता आपापल्या देशांत वर्ग चालवतात.