कायतान: बंदरातून आलेले नाव

गोव्यात आणि कारवारच्या किनाऱ्यावर ‘कायतान’ हे नाव अगदी घरचे. त्याचे मूळ मात्र इटलीत, रोम आणि नेपल्स यांच्यामधल्या गाएता बंदरात आहे.

लॅटिनमध्ये या गावाला ‘कायेता’ म्हणत. ईनियसची दाई कायेता इथे वारली आणि तिचेच नाव या किनाऱ्याला पडले, असे व्हर्जिलच्या ‘ईनिड’मध्ये सांगितले आहे. या गावचा तो ‘कायेतानुस’, जसा आपल्याकडे साताऱ्याचा तो सातारकर. इटालियनांनी त्याचे ‘गाएतानो’ केले, पोर्तुगीजांनी ‘काएतानो’.

हे नाव जगभर पसरले ते एका संतामुळे. गाएतानो दा तिएने १४८० साली व्हिचेन्झा इथे जन्मले, पाद्वाला कायदा शिकले आणि १५१६ मध्ये धर्मगुरू झाले. १५२४ मध्ये त्यांनी सोबत्यांसह थिएटाइन संघ काढला. संघाचा नेम कडक होता: उत्पन्नाची तजवीज करायची नाही आणि भिक्षाही मागायची नाही, देव देईल त्यावर भागवायचे. ७ ऑगस्ट १५४७ रोजी ते नेपल्समध्ये वारले. १६७१ मध्ये त्यांना संतपद मिळाले. ७ ऑगस्ट हाच त्यांचा सण.

थिएटाइन धर्मगुरू गोव्यात पोहोचले १६४० मध्ये. जुन्या गोव्यात त्यांनी रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर घुमटाचे चर्च उभारले. आदिलशाही वाड्याच्या दाराची उरलेली चौकट त्याच्या जवळच आहे. चर्च अर्पण केले आहे ते दैवी तरतुदीच्या मातेला, म्हणजे संघाच्या त्या नेमालाच धरून. लोकांच्या तोंडी मात्र संताचेच नाव बसले.

कोकणी जिभेने या नावाला आपले वळण दिले. पोर्तुगीज बोलीत शेवटचा ‘ओ’ हलकेच ‘उ’सारखा उच्चारला जातो, कोकणीत तो गळाला आणि ‘काएतानो’चा ‘कायतान’ झाला. ‘इनासियो’चा ‘इनास’ झाला, ‘दोमिंगोस’चा ‘दुमिंग’ झाला, तो याच चालीने.

म्हणून ‘कायतान’ला ‘काएतानो’चा अपभ्रंश म्हणून खाली बसवू नये. ‘गाएतानो’ जितके अस्सल इटालियन, तितकेच ‘कायतान’ अस्सल कोकणी. घरात जसे हाक मारतात तसेच ते देवनागरीत लिहावे.