टर्मिनल बदलताना

लिनक्स संगणकाला आज्ञा देण्यासाठी आपण जी खिडकी उघडतो, तिला नुसते 'टर्मिनल' म्हणण्याची आपल्याला सवय आहे. तिचे पूर्ण नाव 'टर्मिनल एम्युलेटर', म्हणजे टर्मिनलची नक्कल करणारी आज्ञावली. अशा अनेक आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. एक सोडून दुसरी घेतली तरी आज्ञा समजून घेणारा 'शेल' तोच राहतो. काम अडत नाही. हे इतके सोपे का, आणि मराठीपाशी येऊन अवघड का होते?

मूळ टर्मिनल हे खरेखुरे यंत्र होते. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापत असे. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू झालेली युनिक्स प्रणाली अशाच यंत्रांवर वाढली. लिनक्समध्ये टर्मिनलला आजही 'टीटीवाय' म्हणतात, ते टेलिटाइपचेच लघुरूप. पुढे कागदाची जागा काचेच्या पडद्याने घेतली. १९७८ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने व्हीटी-१०० आणले. त्याच्या पडद्यावर २४ ओळी होत्या आणि ओळीत ८० घरे. 'एस्केप' या चिन्हामागून (क्रमांक २७) ठरावीक अक्षरे आली की ती उमटत नसत, तर हुकूम ठरत: पडदा पूस, अमुक घरात जा. हे संकेत प्रमाणित होते, म्हणून इतरांनीही ते उचलले.

१९८४ साली मार्क व्हँडेव्हूर्ड यांनी एक्सटर्म लिहायला घेतले. व्हीटी-१०० च्या कुळातील यंत्राची नक्कल ते करते, आणि नंतरच्या बहुतेक आज्ञावल्याही तेच संकेत पाळतात. यंत्रे गेली, करार राहिला. म्हणूनच खिडकी बदलणे सोपे आहे.

पण या करारात एका घरात एक रोमन अक्षर बसते. आपला 'क्ष' युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष असा तीन चिन्हांनी लिहिला जातो. हलन्ताला घर नाही. क आणि ष यांना एकेक. एक्सटर्म त्यांची जुळणी करीत नाही, त्यामुळे जोडाक्षर फुटते. अनेक लिप्यांसाठी लिहिलेले एमएलटर्म ही जुळणी करू शकते. मात्र आतल्या संपादकाने घरांचा हिशेब वेगळा धरला, तर कर्सर भलत्याच जागी उभा राहतो. करार दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

वर्गात हे सहज करून पाहता येईल. दोन वेगवेगळ्या टर्मिनलांत 'विद्यार्थ्यांची क्षमता' हे शब्द लिहा. मग एकेक अक्षर खोडत जा आणि कर्सर कोठे थांबतो ते वहीत नोंदवा. मराठीसाठी कोणते टर्मिनल घ्यावे, याचे उत्तर त्या नोंदींतून मिळेल. आपल्या लिपीसाठी अजून कोणते काम करायचे आहे, हेही विद्यार्थ्यांना त्यातूनच दिसेल.