होडीचं इंजिन लोडवर दम टाकतंय? आधी काय तपासावं

समुद्र लांब असला तरी अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात होड्या कमी नाहीत. शेवगाव-नेवासा भागात नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीचं पाणी आहे. राहुरीजवळ मुळा धरण, अकोले तालुक्यात भंडारदरा आणि कर्जतच्या दक्षिण कडेला भीमेवर उजनीचं बॅकवॉटर आहे. कुणी मासेमारीवर घर चालवतो, कुणी ईदच्या सुट्टीत पोराबाळांना घेऊन बोटिंगला जातो. या होड्यांची एक तक्रार नेहमीची आहे: किनाऱ्यावर इंजिन छान चालतं, पण जाळी, मासे, माणसं भरून निघालं की ओढत नाही.

ही फक्त डिझेल जास्त जाण्याची गोष्ट नाही. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कळाशी ते कुगाव या मार्गावर वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. ते वाऱ्याचं संकट होतं, पण त्यातून एक गोष्ट कळते. असा वारा सुटला की होडीचं तोंड लाटेकडे धरून ठेवायला इंजिनात ताकद लागते. ऐनवेळी इंजिन बसलं तर होडी आडवी होते.

पहिला प्रश्न: आवाज पडतो की वाढतो?

रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण होडी पुढे सरकत नाही, तर इंजिन बहुतेक ठीक आहे. दोष पंख्यात आहे. पंख्याच्या मधला रबरी बुश घसरत असेल, पाती मोडली असेल किंवा पंखा पाण्यात पुरेसा बुडत नसेल.

रेस देऊनही आवाज खाली बसत असेल, तर दोन शक्यता: इंजिनावर ओझं जास्त आहे, किंवा त्याला डिझेल-पेट्रोल अथवा हवा कमी पडते आहे.

ओझं तपासा, खर्च शून्य

इंजिन पूर्ण बंद करून पंखा बघा. तुटक्या जाळ्याचा नायलॉन दोरा किंवा जलपर्णीची मुळं गुंडाळलेली असतात. होडीच्या तळात साचलेलं पाणी उपसा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन. सगळी माणसं मागे बसली तरी नाक वर उचलतं आणि इंजिन दमतं. नवीन मोठा पंखा बसवल्यापासून त्रास सुरू झाला असेल, तर जुना लावून बघा.

धूर काय सांगतो (डिझेल इंजिन)

काळा धूर: हवा कमी किंवा ओझं जास्त. एअर फिल्टर काढून झटका, फारच भरला असेल तर बदला.
पांढरा धूर: डिझेलात पाणी, किंवा डिझेल नीट जळत नाही.
निळा धूर: ऑइल जळतंय, रिंगचं काम निघू शकतं.
धूर वाढत नाही, तरी इंजिन बसतं: डिझेल पुरत नाही. हे सगळ्यात जास्त वेळा आढळतं.

तेल पुरतंय का?

टाकीच्या झाकणाला हवा जायचं छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पुरवठा घटतो. झाकण थोडं सैल करून चालवा. फरक पडला तर दोष सापडला. नंतर फिल्टर बघा. फिल्टरखालच्या भांड्यात पाणी दिसलं तर ते काढून टाका. नळीला चीर असेल तर इंजिन हवा ओढतं.

पेट्रोलच्या आउटबोर्डला नळीवर रबरी फुगा असतो. इंजिन बसायला लागलं की दुसऱ्या कुणाला तो दाबायला सांगा. दाबल्यावर ताकद परत आली तर फिल्टर, नळी किंवा पंप दोषी. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी शोषतं. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल वापरू नका. प्लगही काढून बघा. दोनपैकी एक सिलिंडर मेला तरी इंजिन रिकामं चालतं, लोडवर मात्र बसतं.

गरम होतंय का?

आउटबोर्डच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. धार बंद झाली तर लगेच इंजिन बंद करा; पाणी ओढायच्या जाळीत शेवाळ अडकलेलं असतं. काही नवी इंजिनं तापली की स्वतःच रेस कमी करतात.

उंचीचाही हिशोब

भंडारदऱ्याचं पाणी समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून जास्त उंचीवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण ३ टक्के घटते. म्हणजे कोकणातून आणलेलं इंजिन इथे थोडं कमी ओढणारच. पण ही घट पहिल्या दिवसापासून असते. कालपर्यंत ओढत होतं आणि आज नाही, तर दोष शोधायलाच हवा.

एवढं करूनही फरक नाही, तर इंजेक्टर, पंप आणि कॉम्प्रेशन हे मिस्त्रीचं काम. तोवर होडी भरू नका. चाचणी घ्यायची तर किनाऱ्यालगत, दिवसा, लाइफ जॅकेट घालून आणि सोबत वल्हं ठेवून. आकाश भरून आलं असेल तर त्या दिवशी होडी बांधूनच ठेवा.