आधी कोण उभं राहतं? कन्स्ट्रक्टरच्या क्रमाची गोष्ट

पायथनमध्ये उपवर्ग लिहिताना सुपरची ओळ विसरली की काय होतं, ते आपल्यापैकी बहुतेकांनी भोगलंय. वस्तू तयार होते, तक्रार काही येत नाही; आणि नंतर भलत्याच ठिकाणी प्रोग्रॅम आडवा होतो. पालकवर्गाची तयारी आपोआप का होत नाही?

त्यासाठी आपल्याला ऑस्लोला जावं लागेल. तिथल्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला ६७ घडवली. टोलनाक्याच्या रांगेत ट्रक आहेत, बसही आहेत. रांगेत उभं राहण्याचा भाग दोघांचा सारखाच, मग तो दोनदा कशाला लिहायचा? अशा विचारातून उपवर्ग आला. कन्स्ट्रक्टर म्हणून वेगळं काही सिम्युलात नव्हतंच. वस्तू जन्मली की वर्गातली विधानं चालू लागत, आधी पालकाची, मग उपवर्गाची. पालकाने मध्येच 'इनर' लिहिलं असेल, तर तिथे उपवर्गाची पाळी येई आणि उरलेलं काम पालक नंतर पुरं करी. म्हणजे बघा, पोराने बापाला हाक मारायची नाही, बापच पोराला हाक मारायचा!

ब्यार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी केंब्रिजला सिम्युला वापरली होती. बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून त्यांनी जे काम सुरू केलं त्यातून सी प्लस प्लस झाली. तिथेही पालकाचा भाग आधीच उभा राहतो. उपवर्गाने त्याला लागणारी मूल्यं तेवढी पुरवायची.

जावाने हाच नियम कडक केला: सुपर हे पहिलंच विधान हवं. आता आलेलं मूल्य ऋण आहे का, एवढं तपासायचं तरी आधी पालक उभा करा! लोक स्टॅटिक मेथडच्या आडवाटेने जात. २०२५ च्या जावा २५ मध्ये हा नियम अखेर सैल झाला. आमच्या मते फार उशिरा.

पायथनने मात्र इनिटला साध्या मेथडसारखंच वागवलं. उपवर्गाने आपलं इनिट लिहिलं की पालकाचं झाकलं जातं, हाक तुम्हीच मारायची. २००१ च्या २.२ आवृत्तीत सुपर आलं. त्याचे कंस रिकामे ठेवायची सोय २००८ च्या ३.० मध्ये.

आणि नावाला फसू नका. 'अ'चे उपवर्ग 'ब' आणि 'क', आणि या दोघांचा मिळून 'ड', असं समजा. 'ड'ची वस्तू घडताना 'ब'मधलं सुपर 'अ'कडे जात नाही, 'क'कडे जातं. त्यामुळे 'ब' लिहिणारा ती ओळ विसरला, तर 'क' आणि 'अ' दोघांचीही तयारी राहून जाते.