नमुना १४-अ आणि मतदाराचा सोबती

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष जे कागद पाकिटांत बंद करतात, त्यात एक साधा तक्ता असतो, नमुना १४-अ. अंध आणि दुर्बल मतदारांची ही यादी. मतदाराचा अनुक्रमांक, त्याचं नाव, सोबत्याचं नाव, पत्ता आणि सही, एवढेच रकाने. आपल्या मलाजखंडात कागद हिंदीतले, त्यामुळे केंद्राध्यक्षाला इथे सगळे पीठासीन अधिकारी म्हणतात, पण तक्ता तोच. नोकरीत असताना मला निवडणुकीची ड्युटी लागली, तेव्हा हा तक्ता पहिल्यांदा हातात आला.

सोबत्याचा नियम १९६१ च्या निवडणूक नियमांत ४० व्या क्रमांकावर आहे. यंत्रं येणार म्हणून १९९२ मध्ये तोच मजकूर थोडा बदलून ४९-एन म्हणून घातला गेला. दिसत नाही किंवा शारीरिक दुर्बलतेमुळे स्वतः बटण दाबता येत नाही, अशी केंद्राध्यक्षाची खात्री पटली, तर मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो. सोबत्याने आधी लिहून द्यायचं, की मत गुप्त ठेवीन आणि आज कुठल्याही केंद्रावर दुसऱ्या कुणाचा सोबती झालेलो नाही. नुसतं लिहिता-वाचता येत नाही, हे कारण चालत नाही. केंद्रावरच्या कर्मचाऱ्यानेही सोबती व्हायचं नाही.

ही शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण जुनी पद्धत नेमकी उलटी होती. इंग्लंडच्या १८७२ च्या गुप्त मतदान कायद्यात अंध आणि निरक्षर मतदाराचं मत स्वतः केंद्राध्यक्ष नोंदवून घ्यायचा, तेही उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर! म्हणजे जो सर्वांत अगतिक, त्याचंच मत चारचौघांत. अंधांना आपला माणूस सोबत नेण्याची मुभा तिथे १९३३ मध्ये मिळाली. सरकारी माणसाच्या हातातलं काम आपल्या माणसाच्या हाती जायला एकसष्ट वर्षं लागली.

आपल्याकडे १९५२ मध्ये बालाघाटने मत दिलं तेव्हा राजधानी नागपूर होती. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि आडोशाला जाऊन योग्य पेटीत कागद टाकायचा. निरक्षरासाठी सोय उत्तम, पण ज्याला चिन्हच दिसत नाही त्याला सगळ्या पेट्या सारख्या. १९६२ पासून एकच मतपत्रिका आणि शिक्का आला, आणि १९६१ च्या नियमात सोबत्याचं काम नीट लिहिलं गेलं, अगदी मतपत्रिकेची घडी घालून ती पेटीत टाकण्यापर्यंत.

आता 'एका दिवशी एकालाच मदत' या अटीबद्दल. ती का आहे ते उघड आहे. नाहीतर गावातला एखादा पुढारी वीस म्हाताऱ्यांचा 'सोबती' होईल. पण आपला बैहर मतदारसंघ, विखुरलेले टोले, आणि नक्षलग्रस्त म्हणून मतदान दुपारी तीनलाच बंद. २८ नोव्हेंबर २०१८ ला मी ज्या केंद्रावर होतो, तिथे एक पोरगा आजोबांचा सोबती झाला. तासाभराने आजीला घेऊन आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नियमाप्रमाणे तो आता चालणार नव्हता. घरातली बाकी माणसं धान कापायला गेलेली. शेजारचा एक जण पुढे झाला, तर आजी म्हणाली, "तो नको, त्याच्या बापाशी आमचं बांधाचं भांडण आहे." साहेबांनी तिला झाडाखाली बसवलं. अडीच वाजेपर्यंत कुणी आलं नाही, तेव्हा ती एकटीच आत गेली. बराच वेळ काही नाही, मग बीप वाजला. नमुना १४-अ मध्ये तिचं नाव नाही, कारण सोबतीच नव्हता. ब्रिटनमध्ये आज एका सोबत्याला दोन मतदारांपर्यंत मदत करता येते. आपल्याकडे निदान एका घरातल्या नवरा-बायकोपुरती अट सैल करायला हरकत नसावी, असं माझं मत.

यंत्रावर ब्रेल अंक असतात की, असं कुणी म्हणेल. असतात. २००४ मध्ये आंध्रातल्या आसिफनगरच्या पोटनिवडणुकीत ते आधी वापरून पाहिले, आणि २००९ च्या लोकसभेला देशभर आले. शिकलेल्या अंधांसाठी ही मोठीच गोष्ट, त्यांना सोबती लागतच नाही. पण म्हातारपणी दृष्टी गेलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला ब्रेल कोण शिकवणार? आणि व्हीव्हीपॅटची सात सेकंदांची चिठ्ठी तर बघूनच खात्री करायची.

घरून मतदानाने थोडा फरक पडलाय. १७ नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेला ऐंशीवरच्यांना ती सोय होती, २०२४ च्या लोकसभेपूर्वी वयाची अट पंच्याऐंशी झाली. आजी तेव्हा सत्तरीतली असेल, म्हणजे दोन्हीकडून बाहेर.

निवडणुकीचे कागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात. त्यामुळे जुन्या निवडणुकांत आपल्या भागात कोण कुणाचा हात धरून मतदानाला गेलं, हे आता फक्त माणसांच्या आठवणीत आहे. बैहर, बिरसा, परसवाडा भागात १९५२ किंवा १९५७ ला पेटीत कागद टाकलेलं कुणी घरात असेल, किंवा त्यांनी सांगितलेलं तुम्हाला आठवत असेल, तर मंडळाकडे जरूर कळवा. मी येऊन लिहून घेईन.