आकाशातून पडलेली पेटी

नोकरीनिमित्त आग्ऱ्यास गेलेल्या आपल्या मंडळींनी ताजमहाल पाहिलेला असतो. परंतु १९१४ साली याच नगरीत उच्च वातावरणाच्या अभ्यासासाठी वेधशाळा स्थापन झाली व तेथून उपकरणे बांधलेले फुगे आकाशात सोडले जात, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

ही पद्धत रूढ झाली ती फ्रान्समध्ये. पॅरिसजवळच्या त्राप येथून तेसरां द बोर यांनी दोनशेहून अधिक फुगे सोडले आणि सुमारे ११ किलोमीटरांच्या वर तापमान घटण्याचे थांबते, असे १९०२ साली जाहीर केले. स्थितांबराचा शोध तो हाच. त्या काळी नोंदी उपकरणावरच उमटत. फुगा फुटल्यावर पेटी कोणाच्या शेतात पडेल आणि तो गृहस्थ ती परत करील की नाही, यावरच सारे अवलंबून असे. पेटीवर पत्ता व बक्षिसाचे आश्वासन असे, इतकेच.

भारतीय हवामान खात्यातील के. आर. रामनाथन यांनी देशोदेशींच्या अशा नोंदी जुळवून १९२९ साली ‘नेचर’मध्ये दाखविले, की विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवर अत्यंत थंड हवेचे कडे आहे. त्या शोधावर रामनाथनांचे नाव आहे. पेट्या परत करणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत.

१९३० च्या सुमारास रेडिओसोंड आले. पेटी खाली येण्यापूर्वीच आकडे बिनतारी मार्गाने हाती येऊ लागले आणि या अनामिकाची गरज संपल्यासारखी झाली.

ती पुन्हा निर्माण केली विद्यार्थ्यांनी. फेब्रुवारी २००९ मध्ये स्पेनच्या कॅटालोनिया प्रांतातील ला बिस्बाल येथील शाळेच्या चार विद्यार्थ्यांनी हेलियमचा फुगा कॅमेऱ्यासह ३० किलोमीटरांहून वर धाडला. अशा प्रयोगांत छायाचित्रे बहुधा कॅमेऱ्यातच राहतात. पेटीचे ठिकाण उपग्रहांच्या साहाय्याने कळले, तरी ती आणावयास दुसऱ्याच्या रानात जावेच लागते.

हैदराबादेहून टाटा मूलभूत संशोधन संस्था प्रचंड फुगे सोडते, तेव्हाही जनतेस विनंती केली जाते, की पेटी उघडू नका, पोलिसांस कळवा. या निवेदनांत महाराष्ट्रातील जिल्ह्यांचाही उल्लेख असतो.

म्हणून फुगा सोडू पाहणाऱ्या आपल्या मुलांनी वायूचे व वजनाचे गणित अवश्य करावे. पण पेटीवरील चार ओळीही तितक्याच काळजीने लिहाव्यात, आणि त्या ज्याच्या शेतात पेटी पडावयाची त्याच्या भाषेत लिहाव्यात. परप्रांती वर्षे काढलेल्या आपणांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको.